लाखभर व्ह्यूज, बावन्न माणसे : आपल्या गायकाला श्रोता कोण देणार?

गेल्या महिन्यात नाशिकमध्ये आम्ही एका तरुण रॅपरचा कार्यक्रम पाहायला गेलो होतो. जागा म्हणजे एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचे छोटे सभागृह. ऐंशी खुर्च्या, दोन स्पीकर, एक मिक्सर आणि मागे भिंतीला लावलेले निळे कापड. तिकीट दीडशे रुपये. त्या मुलाचे नाव आम्ही इथे देत नाही. पुढे जे लिहिणार आहोत ते त्याच्यासारख्या अनेकांना लागू पडते आणि काही गोष्टी त्याने विश्वासाने सांगितल्या आहेत. एवढेच सांगतो, की तो वस्तीत वाढला आहे, गाणी स्वतः लिहितो, मोबाइलवरच बीट तयार करतो आणि यंदाच्या भीमजयंतीच्या आठवड्यात त्याची एक रील पावणेदोन लाख वेळा पाहिली गेली होती.

सभागृहात माणसे होती बावन्न. आम्ही मोजली.

पहिली दोन गाणी आवाजाच्या घोळात गेली. माइक मधेच शिट्टी मारत होता, शब्द कळत नव्हते. तिसरे गाणे शिष्यवृत्तीवर होते. पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून कॉलेजने अडवलेला निकाल, समाजकल्याण कार्यालयातल्या फेऱ्या आणि दरवेळी नव्याने मागितला जाणारा एखादा दाखला. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांनी हे स्वतः भोगलेले होते. सभागृहातली कुजबुज थांबली. दुसऱ्या कडव्यानंतर पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला आणि म्हणाल्या, "बाळा, लई घाई करतो. परत म्हण." तो थांबला. बीट बंद केली आणि तेच कडवे सावकाश, नुसत्या तोंडाने म्हटले. टाळ्या तिथे पडल्या.

ही गोष्ट रीलवर घडत नाही. रील पाहणारा अंगठा सरकवून पुढे जातो. त्याला काय कळले आणि काय कळले नाही, हे गाणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्या रात्री आपल्या मुलाला एक गोष्ट समजली, की ज्या माणसांसाठी आपण लिहितो त्यांतल्या काहींना आपला वेग झेपत नाही. पावणेदोन लाख व्ह्यूजनी हे त्याला सांगितले नव्हते.

कार्यक्रमानंतर खाली चहा पिताना आम्ही हिशेब विचारला. बावन्न तिकिटांचे ७,८०० रुपये जमले. सभागृहाचे भाडे ३,०००, साउंडवाल्याचे २,५००. उरले २,३००. बीटसाठी मदत करणाऱ्या मित्राला त्याने त्यातले ८०० दिले. त्याच्या हाती आले दीड हजार. "दादा, ही माझी गाण्याची पहिली कमाई," तो म्हणाला. आम्हाला वाटले, गंमत करतोय. जयंतीच्या महिन्यात त्याने सहा ठिकाणी गायले होते. सहाही ठिकाणी शाल मिळाली, पुष्पगुच्छ मिळाला, फोटो निघाले. एका ठिकाणी त्याने प्रवासखर्च मागितला, तर उत्तर मिळाले, "समाजाच्या कामाचे पैसे मागतो का?" त्याच मंडळाने डीजेसाठी लाखाच्या वर रक्कम मोजली होती आणि तीही आगाऊ.

या लेखाचा विषय हाच आहे. आपल्या समाजात पैसा नाही असे नाही, गाण्याची आवडही कमी नाही. पण आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला आपण पैसे देतो आणि ज्याचा आवाज आहे त्याला शाल देतो. याला प्रस्थापित जबाबदार नाहीत. हे आपणच बदलू शकतो.

जलसा छोट्याच जागेत वाढला

नव्या पिढीला रॅप म्हणजे बाहेरून आलेली वस्तू वाटते. पण वीस-पंचवीस लोकांसमोर, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच प्रश्नावर, ताल धरून बोलणे ही आपली जुनी रीत आहे. १९३० च्या दशकात याच नाशिक परिसरात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसा उभा केला. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता आणि लढ्याचा विचार गावागावांत नेणारे साधन हवे होते. कर्डकांनी तमाशाचाच साचा घेतला. गण, गौळण, वग हा क्रम लोकांच्या ओळखीचा होता. त्यात त्यांनी देवस्तुतीच्या जागी चळवळीचा विचार आणला आणि शिक्षण, दारू, अंधश्रद्धा, मेलेली गुरे ओढण्याची सक्ती हे विषय सोंगांतून आणि सवाल-जवाबांतून मांडले. सभागृह नव्हते. महारवाड्यातला चौक, चाळीतले पटांगण, कंदिलाचा उजेड हीच जागा.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक याच मातीतले. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या माणसाने हजारो गीते लिहिली आणि गावोगाव फिरून गायली. १५ मे २००४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक वस्तीत होती. पण त्या गाण्यांच्या मानाने त्यांच्या घरात काय आले, हा प्रश्न आपण मोठ्याने कधी विचारला नाही. जयंती-पुण्यतिथीला त्यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि त्यांच्याच वाटेने निघालेल्या पोराला प्रवासखर्च नाकारतो.

वामनदादांच्या पिढीची एक सवय आजच्या रॅपरांनी लक्षात घ्यावी. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफायचा. करार नव्हता, नोंदणी नव्हती. गाणे तोंडातोंडी फिरणार, दुसरा कोणी गाणार, तिसरा कॅसेट काढणार, हे माहीत होते. म्हणून नाव गाण्यातच शिवून टाकले. त्यामुळे आज इतक्या वर्षांनीही कोणते गीत वामनदादांचे, हे ऐकणाऱ्याला कळते. ज्यांनी नाव गुंफले नाही, त्यांची कित्येक गीते आज 'पारंपरिक' म्हणून गायली जातात.

चेन्नईकडे पाहा

हा प्रश्न फक्त महाराष्ट्राचा नाही. तामिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने संगीतकार टेन्मा यांच्यासोबत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा केला. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमध्ये मयताच्या वेळी गायला जाणारा 'गाना' हा प्रकार, त्याला रॅप आणि रॉकची जोड आणि विषय आरक्षण, जात, गोमांस. बँडचे नाव पंडित अयोतीदास यांच्या 'जातिविरहित तमिळ' या कल्पनेवरून घेतले आहे. अयोतीदासांनी १८९८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला आणि मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेच्या अर्धशतकाहून अधिक आधीचा हा धागा आहे. आपल्या तरुणांना तो माहीत असायला हवा.

याच बँडमधून अरिवु पुढे आले. अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण कवी मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' या गाण्याने देशभर पोहोचला. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीन म्हणूनच परत आलेल्या त्यांच्या आजी वळ्ळियम्माळ यांच्या आठवणी या गाण्याच्या मुळाशी आहेत. गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले. पुढे काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'ने या यशाच्या निमित्ताने मुखपृष्ठ काढले आणि त्यावर अरिवु नव्हते. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, समाजमाध्यमांवर रोष उमटला, तेव्हा कुठे अरिवु यांचे स्वतंत्र डिजिटल मुखपृष्ठ आले. २८ जुलै २०२२ रोजी चेन्नईतील बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे अरिवु यांच्याशिवाय सादर झाले. त्यानंतर गाणे कोणी रचले यावर अरिवु, संगीतकार संतोष नारायणन आणि सहगायिका धी यांनी आपापल्या बाजू जाहीरपणे मांडल्या. मार्च २०२४ मध्ये खुद्द संतोष नारायणन यांनी सांगितले, की या गाण्याच्या उत्पन्नातून आपल्याला काहीच मिळालेले नाही.

कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा आम्ही करत नाही. आपल्यासाठी धडा एवढाच, की कोट्यवधी व्ह्यूज असलेल्या कलावंतालाही श्रेय आणि पैसा यांसाठी भांडावे लागते. मग पावणेदोन लाखवाल्या नाशिकच्या मुलाचे काय? अरिवु यांच्या मागे तेव्हा बोलायला माणसे होती, कारण आधी एका संस्थेने त्यांच्यासाठी मंच बांधला होता आणि त्या मंचासमोर लोक प्रत्यक्ष येऊन उभे राहिले होते. नीलम तिथेच थांबली नाही. मार्गळी महिन्यात चेन्नईच्या सभांमध्ये कर्नाटक संगीताचा हंगाम असतो. त्याच महिन्यात २०२० पासून 'मार्गळीयिल मक्कळिसै' म्हणजे मार्गळीतले लोकांचे संगीत हा महोत्सव नीलमने सुरू केला. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सव आहे, एनएच७ वीकेंडर झाला. आपल्या स्वतंत्र गायकांचा असा हंगाम कुठे आहे?

व्ह्यूजचा भाव आणि कागदाचा भाव

काही वाचक म्हणतील, आज मोबाइल आहे, मंचाची गरज काय? मोबाइलने दार उघडले हे खरेच. कडुबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलमुळेच महाराष्ट्रभर गेला. पण दार उघडणे वेगळे आणि घर चालणे वेगळे. यूट्यूबवर जाहिरातीचा पूर्ण वाटा मिळण्यासाठी आधी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा शॉर्ट्सचे प्रचंड मोठे आकडे लागतात. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळणार नाही. नव्या गायकाला यातून महिन्याचा रिचार्ज सुटला तरी पुष्कळ. त्या रात्रीचे दीड हजार रुपये त्या पोराला त्याच्या सगळ्या रील्सनी मिळून दिले नव्हते.

म्हणून दोन गोष्टी आमच्या तरुण कवी-गायकांनी समजून घ्याव्यात. पहिली, कॉपीराइट कायद्यातील २०१२ ची दुरुस्ती. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांनी सही करून कोणा कंपनीला देऊन टाकला, तरी तो कायद्याने जात नाही. अपवाद फक्त चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्याचा. कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांनाच तो देता येतो. दुसरी, हक्क सोपवायचे तर लेखी करारच लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तेव्हा 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द कुठे लपले आहेत ते पाहिल्याशिवाय सही करू नका. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) या संस्था आहेत. आपल्या वकील मित्रांनी जयंतीला भाषण देण्याऐवजी वर्षातून एक दिवस या मुलांचे करार वाचून दिले, तर ते मोठे काम होईल.

एकटा गायक आणि पोलीस ठाणे

छोट्या सभागृहाचा आणखी एक उपयोग आहे, तो संरक्षणाचा. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर तत्कालीन राज्य सरकारवर टीका करणाऱ्या गाण्यामुळे गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईतल्या उमेश खाडे याच्यावरही. गाणे फोनवरून व्हायरल होते, पण नोटीस येते ती एकट्याच्या घरी. व्ह्यूज जामीन देत नाहीत. जी माणसे गायकाला नावाने ओळखतात, ज्यांनी त्याला समोर बसून ऐकले आहे, तीच दुसऱ्या दिवशी वकील शोधतात आणि पोलीस ठाण्याबाहेर उभी राहतात.

खासगी जागांवर किती भिस्त ठेवायची, हेही आपण पाहिले आहे. २३ मार्च २०२५ रोजी विनोदवीर कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमावरून मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या छोट्या मंचाची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी तिथे महापालिकेचे हातोडे पोहोचले आणि जागा बंद ठेवत असल्याचे चालकांना जाहीर करावे लागले. नवख्या कलावंतांना उभे राहू देणारी ती जागा होती. यानंतर कोणता हॉटेलमालक किंवा कॅफेवाला आरक्षणावर रॅप करणाऱ्या मुलाला माइक देईल?

आपल्याकडे मात्र जागा आहेत. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, कुठे आंबेडकर भवन आहे. वर्षातले बहुतेक दिवस त्यांचे हॉल रिकामे असतात.

विहाराच्या आवारात रॅप?

हा प्रश्न वडीलधारे विचारतील आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. उपोसथाला अष्टशील घेणारा उपासक नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहतो. त्याचा आदर राखलाच पाहिजे. पण ते त्या दिवसाचे, स्वतः घेतलेले शील आहे. गृहस्थाच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. वंदनेचे सभागृह वंदनेसाठीच असावे, कार्यक्रम शेजारच्या हॉलमध्ये व्हावा, उपोसथाचे दिवस टाळावेत. इतके पथ्य पुरेसे आहे.

दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्त या संदर्भात जरूर वाचावे. राजगृहाजवळच्या डोंगरातील गुहेत भगवान बुद्ध ध्यानस्थ असताना पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि गातो. त्याच्या गीतात बुद्ध, धम्म आणि अर्हत यांचा उल्लेख आहे आणि त्याच गीतात त्याने आपल्या प्रेयसीलाही आळवले आहे. तथागत त्याला हाकलत नाहीत. तारांचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांत कसे मिसळले, याचे ते कौतुक करतात आणि पुढे विचारतात, ही गीते तू कधी रचलीस? गाणाऱ्याला असे विचारणारा श्रोता मिळणे, यासारखे मानधन नाही. पण आपण तथागत नाही, तेव्हा कौतुकासोबत मानधनही द्यावे.

तिकीट लावले तर गरीब कुठे जाईल, जलसा तर फुकट होता, असा दुसरा आक्षेप आहे. तो रास्त आहे. म्हणूनच विद्यार्थ्याला पन्नास रुपये, नोकरदाराला दोनशे आणि ज्याच्याकडे नाही त्याला मोकळे दार, अशी सोय करावी. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीत कार्यक्रमाला जीएसटी नाही, त्यामुळे तो कागदी त्रासही नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असते, म्हणून सायंकाळी सहाला सुरू करून नऊला संपवावे. बाया-मुलीही मग निर्धास्त येतील.

आमचे म्हणणे

डीजे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ते सांगून कोणी ऐकत नाही, हा अनुभव आहे. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातला दहावा भाग वेगळा काढावा. लाखातले दहा हजार. त्यातून वर्षभरात वस्तीतल्या चार नव्या गायकांना हॉल, बरा साउंड आणि प्रत्येकी किमान दीड-दोन हजार मानधन देता येते. तिकिटाचे पैसे गायकाचे. पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांच्या वर त्याचे नाव. यात मुलींना जाणीवपूर्वक जागा असावी, कारण रात्रीच्या उघड्या मंचावर गायला घरून परवानगी न मिळालेल्या कितीतरी मुली आज दाराआड लिहीत आहेत.

आणि ज्यांच्या हातात मंडळ नाही, त्यांनी एवढे करावे. पुढच्या वेळी आपल्या गावातल्या एखाद्या पोराच्या किंवा पोरीच्या कार्यक्रमाचे पोस्टर दिसले, तर लाइक करून थांबू नका. तिकीट काढा, आईला किंवा आजीला सोबत घ्या आणि पुढच्या रांगेत बसा. शब्द कळले नाहीत तर हात वर करून सांगा.

नाशिकच्या त्या मुलाने पुढचा कार्यक्रम ठरवला आहे. या वेळी जागा वस्तीतल्या समाजमंदिराची आहे, भाडे नाही. शिष्यवृत्तीचे गाणे त्याने थोडे सावकाश केले आहे. खुर्च्या शंभर मांडणार आहेत. आम्ही चौघे जात आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!